निवाल्दोच्या सात विहिरी

सांता कुस्तोदियाच्या नगरपालिकेने डिझेलच्या टाकीवर लक्ष ठेवायला जो माणूस नेमला होता, टाकी गळल्यावर त्या गळतीवर लक्ष ठेवायलाही तोच नेमला. कुंपणाने शेत खाल्लं तर पंचनामाही कुंपणाकडूनच करून घ्यावा, असा हा न्याय. माणसाचं नाव निवाल्दो बर्तोन्या.

अकरा वर्षं तो नगरपालिकेच्या गॅरेजमध्ये पंपावर होता. रोज सकाळी जमिनीखालच्या टाकीत मापाची काठी बुडवायची, कुठवर भिजली ते बघायचं आणि फळ्यावर लिहायचं. काठी दिवसेंदिवस कमी भिजत होती. निवाल्दो फळ्यावर लिहायचा, 'उन्हाने उडालं'. डिझेल असं उडत नाही हे तिथल्या ट्रकवाल्यांना ठाऊक होतं, पण फळा कोण वाचतो? शेवटी गॅरेजच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या अन्सेल्मोने एका सकाळी विहिरीतून बादली काढली, तर पाण्यावर सात रंगांचा तवंग आणि वास असा की कुत्रं शिंकत पळालं. उन्हाने उडालेलं सगळं डिझेल तिथे उतरलं होतं.

राज्याच्या पर्यावरण खात्याचे लोक आले. त्यांनी टाकी उपटली, माती ट्रकने हलवली, अन्सेल्मोच्या विहिरीवर लोखंडी झाकण बसवून सील ठोकलं आणि गॅरेजच्या आवारात सात नळ्या उभ्या गाडल्या. प्रत्येक नळी दहा-बारा मीटर खोल, तोंडावर जमिनीच्या बरोबरीने ताटाएवढं लोखंडी झाकण. दर तीन महिन्यांनी त्यांतलं पाणी काढून राजधानीतल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, डिझेलचा अंश किती उरला ते बघायचं. हे काम शिकायला कोणीतरी दोन दिवस राजधानीला जायचं होतं. सगळ्यांच्या गाड्या चालू होत्या, पंप तेवढा बंद होता. निवाल्दो गेला.

गेला तेव्हा पंपवाला होता. परत आला तो पाण्याचा डॉक्टर होऊन. प्रमाणपत्र त्याने काचेत बसवून बैठकीत लावलं, बायकोच्या माहेरच्या फोटोच्या डोक्यावर. नमुने घ्यायच्या दिवशी तो पांढरा अंगरखा घालायचा. खात्याने असं काही सांगितलं नव्हतं. बेकरीत कॉफी पिता पिता कोणीही पाण्याचा विषय काढला की हा पेला उजेडात धरून म्हणायचा, "वरून दिसतं तसं नसतं हो पाणी." गावकरी त्या नळ्यांना 'निवाल्दोच्या विहिरी' म्हणायला लागले आणि त्याला ते चेष्टेतलं आहे हे सहा महिने कळलंच नाही.

एक मात्र म्हटलं पाहिजे, काम तो नेटाने करायचा. नळीतलं साचलेलं शिळं पाणी आधी तीनदा उपसून टाकायचं, मग दोरीला बांधलेली लांबट नळी हळूच सोडून ताजं पाणी घ्यायचं, छोट्या कुप्या अशा काठोकाठ भरायच्या की आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये, बर्फाच्या पेटीत ठेवायच्या, कागदावर सही करून प्रयोगशाळेच्या गाडीवाल्याच्या हातात द्यायच्या. हे त्याने नऊ वर्षं केलं. आणि नऊ वर्षांत पाणी हळूहळू खरंच निवळलं.

खात्याचा नियम सोपा होता. लागोपाठ चार तिमाह्या पाणी स्वच्छ आलं की जागा मोकळी, आणि अन्सेल्मोची विहीर मोकळी. एखादी तिमाही चुकली तर मोजणी पुन्हा एकपासून. तीन तिमाह्या स्वच्छ निघाल्या होत्या. चौथी जुलैत होती.

सेउ अन्सेल्मो ब्याऐंशी वर्षांचा होता. गावात थोरांना असंच सेउ आणि दोना लावून हाक मारतात. ती विहीर त्याने तरुणपणी दोन भावांना घेऊन स्वतः खणली होती, चौदा मीटर, त्यातले शेवटचे तीन कातळातले. नऊ वर्षं तो नळाचं पाणी पीत होता, म्हणजे पाजावं लागत होतं. बायको, दोना ओलिंपिया, ते पाणी मातीच्या फिल्टरमध्ये दिवसभर निवत ठेवायची, तरी तो पहिला घोट घेऊन म्हणायचा, "पोहायच्या तलावाचं आणलंस वाटतं आज." डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं. त्याची इच्छा एकच होती, मरायच्या आत आपल्या विहिरीचं पाणी प्यायचं. आणि निवाल्दोने भिंतीवरून वाकून त्याला शब्द दिला होता.

"ऑगस्टमध्ये, सेउ अन्सेल्मो. मी सांगतो ना."

"उन्हाने उडालं म्हणूनही तूच सांगत होतास," म्हातारा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्याने नवा दोर आणि नवी बादली आणायला लावली.

आता त्या वर्षी ऑक्टोबरात नगरपालिकेची निवडणूक. आणि कायदा असा की मतदानाच्या आधी तीन महिने उमेदवाराने कुठल्याही उद्घाटनाला फिरकायचं नाही. त्यामुळे जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात अख्ख्या गावाला बांधकामाचा ताप चढतो. जे चार वर्षांत झालं नाही ते दहा दिवसांत होतं आणि दिसतंही तसंच. नगराध्यक्ष क्लोदोआल्दो फोंतानारी यांना उद्घाटनासाठी काहीच उरलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या मेव्हण्याला सुचलं की गॅरेजच्या आवारात डांबर घालावं. मेव्हण्याचा धंदा डांबराचा होता.

डांबर पडलं त्या दिवशी निवाल्दो तिथेच होता. त्याच्याकडे रिबिनीच्या कात्रीचं तबक धरायचं काम होतं आणि तो मानाने इतका ताठला होता की रोलर त्याच्या सातही झाकणांवरून गेला तरी त्याने मान वळवली नाही. तसा त्याने आदल्या दिवशी मुकादमाला विचारलं होतं, "माझ्या विहिरींचं काय?" मुकादम म्हणाला होता, "जागा माहीत आहेत ना तुला? मग झालं. नंतर उघडू." जागा माहीत आहेत का, हा प्रश्न निवाल्दोला अपमानाचा वाटला. नकाशा त्याने कधी वापरलाच नव्हता. "त्या माझ्या पायांत आहेत," असं तो सांगायचा, आणि एकदा पैजेवर डोळे बांधून सातही झाकणांवर उभा राहून दाखवलं होतं. बँड वाजला, सॉसेजचे पाव वाटले गेले, नगराध्यक्षांनी काळ्याभोर डांबरावर उभं राहून भविष्याविषयी भाषण केलं.

चार दिवसांनी निवाल्दो पांढरा अंगरखा घालून, बर्फाची पेटी घेऊन आवारात उतरला. दुपारी दोनला प्रयोगशाळेची गाडी येणार होती. तो आत्मविश्वासाने बारा पावलं चालला, उजवीकडे वळला, थांबला. पायांना काहीच आठवेना. पाय इतकी वर्षं तेलाच्या डागांवरून आणि कोपऱ्यातल्या पेरूच्या झाडावरून वाट काढत होते. डाग डांबराखाली गेले होते आणि पेरू तर रोलरला आडवा येतो म्हणून तोडला होता. लोखंडी पहारीने ठोकत तो तासभर फिरला. सगळीकडून एकच आवाज. ट्रकवाले सावलीत बसून बघत होते.

"सेउ निवाल्दो, पुन्हा डोळे बांधून बघा की," एकजण म्हणाला.

तो नगराध्यक्षांच्या कचेरीत गेला. तिथे मार्लुसी नावाची सचिव होती आणि गाव खरं तर तीच चालवायची. "डांबर फोडावं लागेल," निवाल्दो म्हणाला.

"फोडा ना," मार्लुसी म्हणाली. "फोटो अजून छापून यायचेत, रिबिनीची फुलं सुकायचीत, तोवर तुम्ही भोकं पाडा. विरोधकांना मी स्वतः फोन करते, कॅमेरा घेऊन या म्हणून. ऑक्टोबरनंतर हवं तेवढं खणा."

"पण तिमाही चुकली तर मोजणी पहिल्यापासून."

"मग चुकवू नका," असं म्हणून तिने फोन उचलला.

दीड वाजला होता. गॅरेजच्या खानावळीमागे भांडी घासायचा नळ होता. निवाल्दोने तिथे जे केलं ते बघायला कोणी नव्हतं, पण त्याने ते डोळ्यांत तेल घालून केलं. हातमोजे चढवले. नळाचं पाणी आधी तीनदा उपसून टाकलं. कुप्या काठोकाठ भरल्या, उलट्या करून बुडबुडा तपासला, एकीत दिसला तर ती ओतून पुन्हा भरली. सात चिठ्ठ्या लावल्या. कागदावर 'पाण्याची खोली' असा रकाना होता. तिथे त्याने सात वेगवेगळे आकडे लिहिले, सहा मीटर बेचाळीस, सहा मीटर सत्तावन्न, असे, कारण सातही सारखे लिहिणं त्याच्या शिस्तीत बसेना. मनाशी म्हणाला, पाणी तर स्वच्छच आहे, तीनदा आलंय, चौथ्यांदा येणारच होतं. म्हाताऱ्याला वाट का बघायला लावायची? लबाडीला दयेचं कारण मिळालं की माणूस ती निर्धास्त करतो.

सप्टेंबरात खात्याचं पत्र आलं. डिझेलचा अंश शून्य. पण सातही विहिरींमध्ये एक नवा पदार्थ सापडला होता. क्लोरोफॉर्म.

गावाला क्लोरोफॉर्म टीव्हीच्या मालिकांमुळे माहीत होता. खलनायक तो रुमालावर घेतो आणि नायिकेच्या नाकाला लावतो. नगरपालिकेच्या आवारात जमिनीखाली सात ठिकाणी तो निघाला म्हटल्यावर चर्चेला तोटा नव्हता. दोन दिवसांत विरोधी पक्षाचे कार्यकर्ते नाकाला रुमाल लावून प्रचाराला निघाले. खात्याने लिहिलं होतं की प्रदूषण नवं, म्हणून मोजणीही नवी. आता आठ तिमाह्या. विहिरीचं सील कायम. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

निवाल्दोने प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडची मुलगी हसली. "शुद्ध करायला पाण्यात क्लोरीन घालतात ना, त्यातून हे थोडंसं तयार होतं. एवढं तर कुठल्याही गावच्या नळाला सापडेल. अपाय नाही काही. जमिनीखाली मात्र त्याचं काही काम नाही. तुमच्याकडे पाण्याची पाइप फुटलीय का?"

पाइप फुटली नव्हती. निवाल्दोला त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे, तो नगराध्यक्षांकडे गेला आणि खरं ते सांगून मोकळा झाला.

नगराध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुझं म्हणणं, क्लोरोफॉर्म माझ्या नळाच्या पाण्यात आहे."

"सगळ्याच नळांत असतो, साहेब. थोडासा. अपाय नाही."

"हे 'अपाय नाही' तू दारोदार जाऊन सांगणार? मतदानाला तेवीस दिवस आहेत. नळ किती घरांत आहे, मार्लुसी?"

"चार हजार एकशे," मार्लुसी म्हणाली.

"आणि जमिनीखालचं पाणी किती घरांत?"

"एका. सेउ अन्सेल्मोच्या. दोन मतं, दोन्ही विरोधातली."

"मग क्लोरोफॉर्म जमिनीतच बरा आहे," नगराध्यक्ष म्हणाले. "निवाल्दो, तुझी निवृत्ती कधी?"

"चार वर्षांनी."

"सांभाळ."

निवाल्दोला खात्याला एक ओळ लिहिता आली असती. त्याने दोनदा कागद घेतला. दोन्ही वेळा निवृत्तिवेतन आठवलं आणि कागदाची घडी झाली. इथे त्याची कीव येत नाही, राग येतो. नऊ वर्षं कुपीत बुडबुडा राहू नये म्हणून जीव टाकणारा हा माणूस, पण स्वतःच्या पोटात एवढा मोठा बुडबुडा घेऊन खुशाल फिरत होता. मात्र अन्सेल्मोच्या दारावरून जाताना त्याला मान वर करता येईना. शेवटी एका संध्याकाळी तो ओसरीवर जाऊन बसला आणि म्हातारा-म्हातारीला सगळं सांगितलं. नळ, कुप्या, सहा मीटर बेचाळीस, सगळं.

अन्सेल्मो म्हणाला, "म्हणजे माझ्या विहिरीचं पाणी चांगलं आहे."

"एकदम. सील तोडा आणि प्या, मी सांगतो."

"कोण सांगतं?"

"मी."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, दोना ओलिंपियाने पाठ चोळली. "उन्हाने उडालं, तेही तू. स्वच्छ आहे, तेही तू. क्लोरोफॉर्म आहे, तोही तूच. आणि आता पुन्हा स्वच्छ," तो म्हणाला. "माझ्या घरात नातवंडं पाणी पितात रे बाबा. कागदाने बंद केली, कागदच उघडेल. तुझ्या तोंडाने उघडलेली विहीर मला नको."

"खात्याला लिहून दे," दोना ओलिंपिया म्हणाली. "मला सांगितलंस तेच."

निवाल्दो चपलांकडे बघत म्हणाला, "चार वर्षं राहिलीत माझी, दोना ओलिंपिया."

"ह्यांची किती राहिलीत, ते विचारलंस?"

कॉफी पुढे ठेवलेली होती, ती तशीच टाकून निवाल्दो उठला.

फोंतानारी एकशे बारा मतांनी निवडून आले. नोव्हेंबरात डांबर फोडलं. निवाल्दोने दाखवलेल्या पाच जागी काहीच निघालं नाही, मग खात्याने धातू शोधायचं यंत्र पाठवलं. फेब्रुवारीत, पहिल्या नमुन्याच्या दिवशी, खात्याची तरुण इंजिनिअर ताइना आली. तिला काहीतरी वास आला असावा, कारण तिने नियम काढला की नमुना घेताना शेजाऱ्यांपैकी एक साक्षीदार हजर पाहिजे. दोना ओलिंपिया सकाळी सातला स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर घेऊन आवारात आली आणि पहिल्या झाकणाशेजारी मांडून बसली.

पुढे दर तीन महिन्यांनी हेच. एका झाकणाचं झालं की ती खुर्ची उचलून दुसऱ्यापाशी जायची. निवाल्दोने कुपी भरली की ती हातात घेऊन उलटी करायची, सूर्याकडे धरायची. ट्रकवाले आता तिला 'डॉक्टर' म्हणायला लागले आणि निवाल्दोला नुसतं निवाल्दो. पांढरा अंगरखा त्याने घालायचा सोडला.

"तीनदा उपसलंस?"

"उपसलं, दोना ओलिंपिया."

"मी दोनदाच मोजलं."

तो चौथ्यांदा उपसायचा. पाणी पहिल्या तिमाहीला स्वच्छ निघालं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या तिमाहीलाही. भिंतीपलीकडून अन्सेल्मो ओरडून विचारायचा, "किती झाल्या?" आणि ती आकडा सांगायची. पाचव्या वेळी त्याला अंगणात यायला जमलं नाही, तिने आत जाऊन सांगितलं. सहावीच्या वेळी त्याने आकडा दोनदा विचारला. मेमध्ये एका शुक्रवारी तो गेला. नवा दोर खुंटीला तसाच होता. सातवी तिमाही ऑगस्टात होती. दोना ओलिंपिया काळे कपडे घालून खुर्ची घेऊन आली, कुप्या सूर्याकडे धरल्या आणि त्या दिवशी भिंतीपलीकडून कोणी विचारलं नाही.

आठवी झाली. कागद आला. ताइनाने स्वतः येऊन सील कापलं, चार माणसांनी झाकण बाजूला केलं. पोरं, सुना, शेजारी, ट्रकवाले, सगळे जमले होते. मार्लुसीही आली होती, नगराध्यक्षांची शुभेच्छांची चिठ्ठी घेऊन. ती तिने कोणाला वाचून दाखवली नाही. निवाल्दो सगळ्यांच्या मागे उभा होता. आला नसता तर बरं, पण साक्षीच्या कागदावर त्याची सही लागत होती.

थोरल्या मुलाने पाणी काढलं. दोना ओलिंपियाने पहिला पेला स्वतः घेतला, एकच घोट, आणि मान हलवली. मग ती प्रत्येकाला पेला भरून देत गेली. लोक पीत होते, "गोड आहे," "दगडातलं आहे ना," म्हणत होते. बादली रिकामी होत आली. निवाल्दोच्या हातात अजून काही आलं नव्हतं. ती आत गेली, एक भरलेला पेला घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"घे."

निवाल्दोने सवयीने आधी वास घेतला. त्याला लगेच कळलं. "हे नळाचं आहे," तो हळूच म्हणाला.

"फिल्टरमधलं. माझ्या म्हाताऱ्याने तुझ्यामुळे सहा तिमाह्या हेच प्यायलं. पी."

सगळे बघत होते. त्याने डोळे खाली घालून पेला तळापर्यंत रिकामा केला आणि परत दिला. ती आत गेली आणि तोच पेला पुन्हा काठोकाठ भरून घेऊन आली.

"एक झाला," दोना ओलिंपिया म्हणाली. "अजून पाच."